गोदावरीची यात्रा, कथेच्या क्रमाने: ब्रह्मगिरीपासून रामकुंडापर्यंत

त्र्यंबकेश्वरला येणारे बहुतेक लोक गोदावरी न बघताच परत जातात. पहाटे गाडी काढायची, रांगेत तीन-चार तास काढायचे, ज्योतिर्लिंगाचं दर्शन घ्यायचं, जमलं तर कुशावर्तावर पाय धुवायचे (तेही दर्शन झाल्यावर) आणि शिर्डीचा रस्ता धरायचा. दर्शन झालं, पुण्य पदरी पडलं, त्याबद्दल वाद नाही. पण या क्षेत्रातला प्रत्येक विधी एका नदीच्या कथेवर उभा आहे. महादेव इथे राहिले तेही गंगेच्या अटीवरून. ती कथा माहीत असली आणि तिच्याच क्रमाने पाय टाकले, तर कुठे काय करायचं आणि का, हे कुणाला विचारावं लागत नाही. म्हणून हा लेख देवळापासून सुरू होत नाही, डोंगरापासून होतो.

पूर्ण यात्रेला दोन दिवस हवेत: एक त्र्यंबकचा, एक नाशिकचा. एकाच दिवसात सगळं उरकता येतं, पण मग ब्रह्मगिरी वगळावा लागतो.

आधी कथा

गौतम ऋषी आणि अहल्या ब्रह्मगिरीवर राहत होते. मोठा दुष्काळ पडला, तेव्हा गौतमांनी वरुणाकडून कधीच न आटणारं पाणी मिळवलं. त्या पाण्यावर आश्रम हिरवा झाला आणि आसपासचे ऋषी बायकामुलांसकट तिथे येऊन राहिले. मग पाणवठ्यावर जे होतं तेच झालं. पाणी भरण्यावरून बायकांची कुरबुर झाली आणि ती नवऱ्यांपर्यंत गेली. ऋषींनी गणपतीची आराधना करून गौतमांना इथून घालवण्याचा वर मागितला. गणपतीने आधी समजावून पाहिलं, पण ऋषी ऐकेनात. शेवटी तो अशक्त गाय होऊन गौतमांच्या शेतात शिरला. गौतमांनी तिला हाकलायला दर्भाची काडी उगारली, काडी लागली आणि गाय जागीच मेली. गोहत्येचं पातक लागलं. ते फेडायचं तर गंगेतच स्नान हवं, आणि गंगा महादेवाच्या जटेत.

शिवपुराणात कथा अशी येते. ब्रह्मपुराणातल्या गौतमी माहात्म्यात तिचं टोक वेगळं आहे: गंगेला नवऱ्याच्या डोक्यावर बसलेली पाहून पार्वती बेचैन, म्हणून गणपतीने पार्वतीची सखी जया हिला गाय बनवून हा सगळा डाव रचला. मला स्वतःला हा दुसरा पाठ जास्त आवडतो. त्यात निदान देवांच्या घरातलं भांडण देवांनीच मिटवलं आहे.

पुढचा भाग यात्रेच्या कामाचा. गौतमांनी तप केलं, महादेव प्रसन्न झाले आणि त्यांनी ब्रह्मगिरीवर जटा आपटली. गंगा औदुंबराच्या मुळाशी प्रकटली, पण थांबेना. डोंगराच्या पोटात गुप्त व्हायची, पुन्हा दुसरीकडे दिसायची. शेवटी गौतमांनी कुशाचं, म्हणजे दर्भाचं, कडं घालून तिला अडवलं. ती जागा कुशावर्त. तिथे स्नान केल्यावर गौतमांचं पातक गेलं. गंगा म्हणाली, महादेव इथे राहणार असतील तरच मी राहीन. म्हणून त्र्यंबकेश्वर. तेव्हा जमलेल्या देवांनी शब्द दिला की गुरू सिंह राशीत येईल तेव्हा आम्ही सगळे, सगळ्या तीर्थांसकट, तुझ्याकडे येऊ. म्हणून सिंहस्थ.

म्हणजे कथेचा क्रम असा: माथा, गंगाद्वार, कुशावर्त, मंदिर. त्यानंतर नदी खाली नाशिकला जाते आणि तिथे रामाची कथा सुरू होते.

कधी जावं

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. डोंगर अजून हिरवा असतो, धुकं सकाळीच विरतं, ऊन सोसवतं. माघ शुद्ध दशमी हा गोदावरीचा प्रकटदिन. त्या सुमारास नाशिकच्या घाटावर जन्मोत्सव चालतो, तो जमलाच तर साधावा.

पौष वद्य एकादशीला संत निवृत्तीनाथांची यात्रा असते. दिंड्यांनी त्र्यंबक फुलून जातं. वारकरी असाल तर यासारखा दिवस नाही. फक्त देवदर्शनाला येणार असाल तर मागचापुढचा आठवडा धरा. श्रावणी सोमवारांचंही तसंच. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते. कुशावर्तात स्नान करून लोक मध्यरात्रीपासूनच निघतात आणि प्रयागतीर्थ, पहिने, गौतमाचा धोंडा असं करत वीसेक किलोमीटर चालून परत त्र्यंबकला येतात. मोठी फेरी याच्या जवळजवळ दुप्पट. ही फेरी डोंगराभोवतीची आहे, डोंगरावरची नाही. दोन्ही एकाच दिवशी करायचा अट्टहास नको. भर पावसाळ्यात ब्रह्मगिरी दिसायला देखणा असला तरी पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि शनिवार-रविवारी पहिन्याचे धबधबे बघायला निघालेल्या गाड्यांनी रस्ता तुंबतो.

सिंहस्थाच्या जाहीर झालेल्या तारखा अशा: ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६, अमृतस्नानं, म्हणजे मुख्य पर्वस्नानं, २ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्ट २०२७ ला, तिसरं नाशिकला ११ सप्टेंबर आणि त्र्यंबकला १२ सप्टेंबर २०२७ ला, समाप्ती २४ जुलै २०२८. शैव आखाडे त्र्यंबकला स्नान करतात, वैष्णव आखाडे नाशिकला. म्हातारी माणसं बरोबर असतील तर अमृतस्नानाच्या दिवसाचा नाद सोडा. गुरू सिंह राशीत वर्षभर असतो, देवांनी शब्द त्या अख्ख्या काळासाठी दिलाय. पर्वाच्या मधला एखादा साधा बुधवार गाठा.

सिंहस्थावरून घरात लग्नाचा विषय हमखास निघतो. जुन्या धर्मशास्त्रग्रंथांत सिंहस्थातला विवाहनिषेध मुख्यतः गोदावरी आणि भागीरथी यांच्या मधल्या प्रदेशाला सांगितलाय. त्यामुळे गोदेच्या दक्षिणेकडची, म्हणजे पुण्या-साताऱ्याकडची मंडळी बऱ्यापैकी मोकळी असतात. तरी आपल्या गुरुजींना विचारून घ्यावं.

बरोबर काय घ्यायचं

स्नानासाठी एक जोड सुती कपडे, पंचा, कोरडे कपडे, तांब्याचा छोटा गडू (झाकण घट्ट बसणारा) आणि ओटीचं सामान: खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, हळदकुंकू. काळे तीळ पुडीत बांधून घ्या, तर्पणाला लागतात. ब्रह्मगिरीसाठी जाड तळव्याचे बूट, पाण्याची बाटली आणि एक काठी. काठी चढायला नाही, माकडांना दाखवायला. वाटेवर माकडं पुष्कळ आणि धीट. खाऊची पिशवी हातात दिसली की गेलीच. सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये, चेन लावून.

घरून निघताना आणखी एक गोष्ट घ्यायची, ती कागदावर: आपलं गोत्र, मूळ गाव, कुलदैवत आणि आजोबा-पणजोबांची नावं. ती कशाला, ते पुढे येईलच. गोत्र माहीत नसेल तर अडत नाही, संकल्पात काश्यप म्हणतात.

नाशिकहून त्र्यंबक साधारण २८ ते ३० किलोमीटर. एसटी आणि सिटीलिंकच्या बस दिवसभर असतात. मी म्हणेन आदल्या संध्याकाळीच त्र्यंबकला मुक्कामाला या. पहाटेचा डोंगर मुक्कामाशिवाय साधत नाही.

पहिला टप्पा: ब्रह्मगिरीचा माथा

झुंजूमुंजू होताच चढायला लागा. नेहमीच्या बेताने चढणाऱ्याला दीड-दोन तास पुरतात. गुडघे कुरकुरत असतील तर तीन धरा. सात-आठशे पायऱ्या आहेत. खालच्या बऱ्याचशा दगडी पायऱ्या कराचीच्या एका शेठजींनी १९०८ साली बांधून दिल्या, चाळीस हजार रुपये खर्चून. वरच्या टप्प्यात पायऱ्या कातळातच खोदलेल्या आहेत, एका बाजूला उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला कठडा. ब्रह्मगिरी म्हणजेच त्र्यंबकगड, त्यामुळे वाटेत किल्ल्याचे कोरीव दरवाजे लागतात. तिथे गार वारा असतो. दम खायला हीच जागा.

माथा हे मोकळं पठार आहे, सावली नाही. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,२९५ मीटर. वर दोन जागा बघायच्या. एक गोदावरीच्या मूळ उगमाचं देऊळ, जिथे औदुंबराशी गंगा प्रकटली म्हणतात. दुसरं जटामंदिर. तिथल्या खडकावर महादेवाने जटा आपटल्याच्या आणि गुडघे टेकल्याच्या खुणा पुजारी बोटाने दाखवतात.

उगमाशी गेल्यावर मोठ्या प्रवाहाची अपेक्षा ठेवू नका. चौदाशे पासष्ट किलोमीटर वाहून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळणारी नदी इथे ओंजळीत मावते. इथे पूजा थोडक्यात करायची: हळदकुंकू, फूल, नमस्कार. स्नान नाही, ओटी नाही. या पाण्यात साबण तर सोडाच, निर्माल्यही टाकू नका.

मग पठाराच्या कडेला जाऊन दोन्ही बाजू बघा. याच डोंगररांगेतून वैतरणा पश्चिमेला उतरते आणि अरबी समुद्राला मिळते. तिच्यावरच्या धरणांचं पाणी मुंबईच्या नळांना येतं. गोदावरी पूर्वेला. तिसरी अहल्या, ती खाली त्र्यंबक गावातच गोदेला मिळते. कथेत जी गौतमांच्या शेजारी उभी होती तिला नदीच्या रूपानेही फार लांब जाऊ दिलेलं नाही. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना इथे उभं करून वैतरणेची दिशा दाखवली की त्यांचा चढण्याचा राग जरा कमी होतो.

दुसरा टप्पा: गंगाद्वार

उतरताना वाटेला फाटा फुटतो. पाटी आहे आणि कुणीही सांगेल. गंगाद्वार डोंगराच्या साधारण निम्म्या उंचीवर, उभ्या कड्याच्या पायथ्याशी आहे. माथ्यावर गुप्त झालेली गंगा इथे पुन्हा दिसते. गोमुखातून बारीक धार, खाली लहानसं कुंड, आत गंगेची मूर्ती. जवळच कड्यात कोरलेली १०८ शिवलिंगांची गुहा आणि गोरक्षनाथांची गुहा. नाथपंथाचं हे मोठं ठिकाण. याच डोंगरात वाघाच्या भीतीने आईबापांपासून चुकलेला मुलगा एका गुहेत शिरला आणि त्याला गहिनीनाथ भेटले. तो मुलगा म्हणजे निवृत्तीनाथ. ज्ञानदेवांना गुरू मिळाले ते या डोंगरातून, हे फेरी मारताना लक्षात असू द्या.

ज्यांना माथा झेपणार नाही त्यांनी थेट गंगाद्वारापर्यंत यावं. उगमाचं दर्शन झालं असंच परंपरा मानते. घरातल्या थोरल्यांना घेऊन येणाऱ्यांना माझा हाच सल्ला. गडू इथे भरून घ्या. खाली मिळणाऱ्या पाण्यापेक्षा हे पाणी निर्मळ.

तिसरा टप्पा: कुशावर्ताचं स्नान

दहा-अकराच्या सुमारास खाली आलात की आधी कुशावर्त, मग देऊळ. हा क्रम उलटा करू नका. गौतमांनीही आधी स्नान केलं, मग महादेव तिथे राहिले.

कुशावर्त म्हणजे गावाच्या मध्यावरचा चौकोनी दगडी कुंड, चारी बाजूंनी पायऱ्या आणि कोरीव खांबांच्या ओवऱ्या. हल्लीचं बांधकाम अठराव्या शतकातलं, इंदूर संस्थानचे फडणवीस पारनेरकर यांनी केलेलं. मध्ये पाणी खोल आहे. पोहता येत असलं तरी काठच्या पायरीवरच, साखळी धरून बुडी मारा.

स्नानाची पद्धत गुरुजींशिवायही जमते. पाण्यात पाय घालण्याआधी वाकून ओंजळभर पाणी डोक्याला लावायचं. आधी मस्तक, मग पाय, कारण नदीला पायाने पहिला स्पर्श करायचा नसतो. मग पूर्वेकडे तोंड करून म्हणायचं:

गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति।
नर्मदे सिंधु कावेरि जलेऽस्मिन् संनिधिं कुरु॥

घरी बादलीशी म्हणतो तोच श्लोक. त्यातल्या एका नदीत आता आपण प्रत्यक्ष उभे असतो. मग तीन बुड्या. बुडी जमत नसेल तर तांब्याने तीनदा डोक्यावरून पाणी. नंतर सूर्याला तीन अर्घ्यं.

ज्यांचे वडील हयात नाहीत त्यांनी इथे तर्पण करावं. पाणी हाताच्या कुठल्या भागातून सोडायचं ते ठरलेलं आहे: देवांसाठी बोटांच्या टोकांवरून, ऋषींसाठी करंगळीच्या मुळाकडून, पितरांसाठी अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून. पितरांच्या पाण्यात काळे तीळ. वडील असतील तर पितृतर्पण करायचं नाही, देव आणि ऋषींपुरतं थांबायचं. संकल्प गुरुजींकडून सांगून घेणार असाल तर कान देऊन ऐका. शके, संवत्सर, तिथी यांच्याबरोबर त्यात गोदावरीचा कोणता तीर तेही येतं. पुण्यात सत्यनारायण घातला तरी गुरुजी ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ म्हणतात. शेकडो वर्षं मराठी माणूस पूजेला बसताना आपला पत्ता या नदीवरून सांगत आलाय.

ओटी बायकांनी काठावर बसून भरायची. नारळ, खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी पाण्याला दाखवून, हळदकुंकू वाहून सगळं परत ओटीत घ्यायचं किंवा ब्राह्मणाला नाहीतर तिथल्या गरजू बाईला द्यायचं. खण पाण्यात सोडू नका. तो गंगेला पोचत नाही, जाळीत अडकून सफाई कामगाराला पोचतो. स्नानानंतर आचमनाचं पाणी ओठांना लावलंत तरी पुरे, गिळायचा हट्ट नको. कुंडात रोज हजारो माणसं उतरतात.

चौथा टप्पा: त्र्यंबकेश्वर

ओले कपडे बदलून, कपाळाला भस्म लावून देवळाकडे निघा. पाच मिनिटांची वाट. रांग दोन प्रकारची: मोफत धर्मदर्शन आणि सशुल्क. सोमवारी, सुट्टीच्या दिवशी आणि श्रावणात धर्मदर्शनाला चार-पाच तासही लागतात. एरवी दुपारी दीड-दोनच्या सुमारास रांग ओसरते, म्हणूनच डोंगर सकाळी आणि देऊळ दुपारी हा बेत.

आजचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये बांधायला घेतलं आणि ते १७८६ मध्ये पुरं झालं. काळ्या दगडाचं, बाहेरून शिल्पांनी भरलेलं. रांगेत उभं असताना मोबाइल बघण्यापेक्षा भिंती बघा, वेळ बरा जातो.

गाभाऱ्यात वर आलेली पिंड शोधू नका, नाही तर रांग पुढे सरकेल आणि काहीच दिसलं नाही असं वाटेल. शाळुंकेच्या मध्ये खळगा आहे आणि त्या खळग्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं: ब्रह्मा, विष्णू, महेश. सर्वसाधारण भाविकाला दर्शन बाहेरूनच. वर लावलेल्या आरशात त्या खळग्याचं प्रतिबिंब पडतं, नजर तिथेच लावायची. पुष्कळदा लिंगावर मुखवटा असतो, तेव्हा मुखवट्याचं दर्शन. सोमवारी दुपारी पंचमुखी सोन्याचा मुखवटा पालखीतून वाजतगाजत कुशावर्तावर नेतात आणि तिथे स्नान घालतात. देव स्वतः नदीकडे जातो तो हा प्रसंग. सोमवारची गर्दी सोसणार असाल तर ती पालखीसाठी सोसा.

बेल पालथा वाहतात. इथे तो पुजाऱ्याच्या हाती द्यावा लागतो. प्रदक्षिणा मात्र आपल्या हातात आहे: शंकराला पूर्ण फेरी नसते. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ते सोमसूत्र ओलांडायचं नाही, तिथून मागे फिरायचं.

पूजा सांगणारे आणि घाबरवणारे

त्र्यंबकला उतरल्या उतरल्या कुणीतरी जवळ येईल आणि चेहऱ्याकडे बघून ‘कालसर्प आहे’ म्हणेल. नम्रपणे पुढे चला.

इथे तीन विधींसाठी लोक लांबून येतात. नारायण नागबळी तीन दिवसांचा: नारायणबळी अपमृत्यू आलेल्या पितरांसाठी, नागबळी सर्पहत्येच्या दोषासाठी. त्रिपिंडी श्राद्ध वर्षानुवर्षं श्राद्ध न झालेल्या पितरांसाठी. तिसरी कालसर्प शांती, एका दिवसाची, आणि गर्दी सगळ्यात जास्त तिलाच. पहिल्या दोहोंना धर्मशास्त्रात जुना आधार आहे. कालसर्प योग ज्योतिषाच्या जुन्या प्रमाणग्रंथांत सापडत नाही, असं खुद्द अनेक ज्योतिषीच सांगतात. करायची तर श्रद्धेने करा, भीतीने नको. आणि साध्या यात्रेसाठी यातलं काहीच लागत नाही.

विधी करायचाच असेल तर आपल्या परंपरेच्या तीर्थोपाध्यायांशी घरूनच फोनवर बोला. दक्षिणा, साहित्य, जेवण, राहणं यांतलं काय धरलंय आणि काय नाही, ते आधी साफ विचारा. इथल्या परंपरागत पुरोहित घराण्यांकडे पेशवाईपासूनचे ताम्रपट आहेत. रस्त्यावरचा एजंट त्या घराण्यातला असेलच असं नाही.

आता तो कागद काढा. त्र्यंबक आणि नाशिक दोन्हीकडे तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की कुठल्या घराकडे तुमची वही असेल ते कळतं. मग कपाटातून लांबट बाडं निघतात, लाल कापडात बांधलेली, जुनी पानं मोडी लिपीत. गुरुजी बोट फिरवत वाचत जातात आणि मध्येच थांबून विचारतात, ‘विठ्ठल गोविंद तुमचे कोण?’ ते पणजोबा निघतात. अस्थी घेऊन आले होते, बरोबर कोण होतं, तेव्हा घरात मुलं किती होती, खाली सही. वंशावळ जुळवणाऱ्यांना कुठल्याही सरकारी दफ्तरात इतकं सहज हाती लागत नाही. आपली भेटही लिहून घ्यायला सांगा, मुलींची आणि सुनांची नावं सांगून. पूर्वी ती बहुधा गाळली जायची. वाचल्याबद्दल यथाशक्ती दक्षिणा द्यावी.

संध्याकाळी निवृत्तीनाथांच्या समाधीला जा. १२९७ साली त्यांनी इथेच समाधी घेतली, सगळी भावंडं गेल्यानंतर. हरिपाठाच्या वेळी गेलात तर उत्तम.

दुसरा दिवस: नदीबरोबर खाली

नाशिककडे निघताना वेळ असेल तर बेझे गावाजवळचं चक्रतीर्थ बघा. कुशावर्तानंतर पुन्हा गुप्त झालेली गोदा इथे वर येते आणि खऱ्या अर्थाने नदी होऊन वाहू लागते, अशी समजूत. त्र्यंबक गावात तिचं पात्र बरंचसं काँक्रीटच्या स्लॅबखाली गेलंय, माणसं तिच्यावरून चालत जातात आणि त्यांना कळतही नाही. कथेत ती स्वतःहून गुप्त व्हायची. हे काम मात्र आपलं. म्हणून चक्रतीर्थाला थांबावं असं मला वाटतं. पुढे गंगापूर धरण. उन्हाळ्यात रामकुंडात जे पाणी असतं ते बहुतेक या धरणातून सोडलेलं. मार्च ते जूनमध्ये जाणार असाल तर पाणी सोडलंय की नाही ते नाशिकच्या कुणालातरी विचारून निघा. साचलेल्या पाण्यात बुडी मारण्यात अर्थ नाही.

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला ‘गंगेवर’ म्हणा, तो पंचवटीत रामकुंडावर आणून सोडेल. नदी इथे दक्षिणेकडे वळते. रामाने दशरथाचं श्राद्ध इथे केलं असं मानतात, त्यामुळे हे तीर्थ पितरांचं. अस्थी इथल्या अस्थिविलय तीर्थात विरघळतात अशी श्रद्धा आहे. अस्थिविसर्जनाला आला असाल तर मडकं, फडकं, प्लॅस्टिकची पिशवी यांतलं काहीही पाण्यात जाऊ देऊ नका, नुसत्या अस्थी. नुसत्या यात्रेला आला असाल तर सकाळी लवकर स्नान करून घ्या. नऊनंतर घाट श्राद्धकर्माच्या गर्दीचा.

स्नान झालं की समोरच्या पायऱ्या चढून कपालेश्वराला जा. या महादेवासमोर नंदी नाही. त्याची गोष्ट अशी: ब्रह्मदेवाचं पाचवं मस्तक छाटल्यामुळे शंकराला ब्रह्महत्या लागली. तो वणवण फिरत असताना एका ब्राह्मणाच्या गोठ्यात गाय-वासराचं बोलणं कानावर पडलं. वासरू म्हणत होतं, मालक उद्या माझ्या नाकात वेसण घालायला आला की मी त्याला मारणार, आणि ते पाप कुठे धुवायचं तेही मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तसंच झालं. पांढरं वासरू पापाने काळं पडलं, धावत रामकुंडावर आलं, बुडी मारली आणि पुन्हा पांढरं झालं. मागोमाग शंकरानेही बुडी मारली. ते वासरू म्हणजे नंदी. ज्याने वाट दाखवली तो गुरू, आणि गुरूने समोर वाहन होऊन बसायचं नाही, म्हणून शंकराने त्याला इथे बसू दिलं नाही. नदीची थोरवी सांगायला देवालाच पापी ठरवणारी ही कथा नाशिककर मोठ्या अभिमानाने सांगतात.

घाटावर पुढे पात्रातच उभा असलेला दुतोंड्या मारुती दिसेल. पावसाळ्यात नाशिकचा पूर याच्यावर मोजतात: पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. ‘मारुती बुडाला’ म्हटलं की काठचे दुकानदार माल हलवतात. जवळच नारोशंकराचं देऊळ, १७४७ चं. तिथली घंटा वसईच्या मोहिमेनंतर आलेली, पोर्तुगिजांची. जुलै-ऑगस्टमध्ये धरणातून विसर्ग चालू असताना घाटावर उतरू नका, मारुती कितीही कोरडा दिसला तरी. पाणी झपाट्याने चढतं.

रामकुंडावर गंगा-गोदावरीचं एक देऊळ आहे, त्याचे दरवाजे सिंहस्थातच उघडतात. एरवी बंद दारालाच नमस्कार करायचा. मग काळाराम. सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं हे काळ्या दगडाचं मंदिर. याच्याच दरवाज्यासमोर २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. आज आपण सरळ आत जातो. त्या दरवाज्यात क्षणभर थांबून मग पाऊल टाकावं. संध्याकाळी परत घाटावर या, गोदेची आरती असते. दिवा सोडायचा तर पानाच्या द्रोणात, थर्माकोलच्या वाटीत नको.

घरी आल्यावर

यात्रा मावंद्याने, म्हणजे परत आल्यावर घातलेल्या जेवणाने, पुरी होते. भरून आणलेला गडू पाटावर ठेवायचा, खाली तांदूळ, गडूला हळदकुंकवाची बोटं, वर फूल. गंगापूजन करायचं, जमलेल्यांच्या हातावर त्यातलं थोडं थोडं तीर्थ द्यायचं आणि मग जेवण. पुरणपोळी असलीच पाहिजे असं नाही, वरण-भात आणि एक गोड पुरतं. एखादं मेहूण (नवरा-बायकोची जोडी) आणि जी यात्रेला येऊ शकली नाहीत ती शेजारपाजारची वयस्कर माणसं, एवढे पाहुणे आधी. पाणी उघडं राहिलं असेल तर प्यायला देऊ नका, नुसतं शिंपडा. परदेशी जाणाऱ्या मुलीबरोबर गडू पाठवणार असाल तर तो सीलबंद करून मोठ्या बॅगेत. हातातल्या बॅगेतून विमानात नेऊ देत नाहीत.

मावंद्याला मुहूर्त लागत नाही. रविवार बघा, म्हणजे माणसं येतात.